बिनपाठीचं बाक

सासरच्या घरातलं ते बाक मला पहिल्यापासून आवडलं नाही, आणि ते आवडत नाही असं म्हणायची त्या घरात सोय नव्हती. येईल तो त्याचं कौतुक करायचा. दारात चपला काढता काढता माणसाची नजर त्याच्यावर जायची, मग हात जायचा, आणि मग तो म्हणायचा, "वा, काय बाक आहे हो!" माझे सासरे अशा वेळी काही बोलत नसत. तोंडात पान असल्यासारखे गाल घट्ट करून बघत बसायचे. मी आत चहा टाकत असायचे, आणि तिथे उभ्या उभ्या माझं डोकं फिरायचं.

बाक म्हणजे काय, तर सागाच्या लांब, अरुंद पट्ट्या, शेजारी शेजारी बसवलेल्या, मधे जेमतेम बोट जाईल एवढी फट. खाली चार पाय. ते टोकाला नव्हते, जरा आत घेतलेले होते आणि खाली जाताना बारीक होत गेलेले. पाठ नाही, हात नाहीत, नक्षी नाही, कुठे खिळ्याचं डोकंसुद्धा दिसत नाही. लांबून बघितलं तर खोलीत कुणीतरी आडवी रेघ ओढून ठेवली आहे असं वाटायचं. माणसाने बसायचं कसं याचा विचार करून ती केलेली वस्तू नव्हती. माणूस बसला नाही तर ती कशी दिसेल याचा विचार केलेला होता. हे माझं मत आहे, आणि ते मी आजवर बदललेलं नाही.

आमचं लग्न ठरायच्या आधी आम्ही ठाण्याला, वर्तकनगरला घर बघायला गेलो, तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं. माझं माहेर कल्याणचं, पारनाक्याजवळ. वडील शाळेत मास्तर. अंगाने जड, आणि पाठीचं दुखणं जुनं. तिसऱ्या मजल्यावर चढून आल्यावर ते धापा टाकत होते. त्यांना बाकावर बसवलं. पाच मिनिटांनी ते हळूच मागे सरकायला लागले. मागे टेकायला काही नाही हे त्यांच्या लक्षात आलं, तसे हसून म्हणाले, "एखादी उशी मिळेल का?"

सासरे समोर उभे होते. म्हणाले, "त्याच्यावर काही ठेवायचं नसतं."

ते असं म्हणाले की मला वाटलं, यांची गंमत करायची पद्धत असेल. पण कुणी हसलं नाही. माझा होणारा नवरा खिडकीबाहेर बघत होता. सासूबाई पोह्यांच्या बशा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. माझे वडील पुढचा सगळा वेळ ताठ बसून राहिले. देण्याघेण्याचं बोलणं, पत्रिका, कुणाकुणाची ओळख निघाली ते सगळं, ताठ बसून. रिक्षात बसल्यावर त्यांनी पाठ सीटला टेकली, डोळे मिटले आणि आईला म्हणाले, "मुलगा चांगला आहे. म्हातारा कठीण आहे."

तरी लग्न झालं. मुलगा खरंच चांगला होता.

बाकाची कथा मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवण्यात आली. सासरे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो, त्याच्यावरून साचा घेतात. ते लाकडाचं काम त्यांचं. कारखान्याने नवीन ऑफिस बांधलं तेव्हा मुंबईहून एक आर्किटेक्ट आला. बाहेर थांबणाऱ्या लोकांना बसायला म्हणून त्याने हे बाक कागदावर काढून दिलं आणि सासऱ्यांनी ते केलं. मग मालक बघायला आला. बाकाभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "ये तो प्लॅटफॉर्म का बेंच है. मेरा कस्टमर इसपे बैठेगा?" आणि त्याने सोफा मागवला. बाक शेडमध्ये धूळ खात पडलं. सासऱ्यांनी ते मागून घेतलं आणि टेंपोत घालून घरी आणलं.

ही गोष्ट मी पुढे पाहुण्यागणिक ऐकली. प्रत्येक वेळी मालक जास्त मूर्ख व्हायचा आणि आर्किटेक्ट जास्त मोठा. मला मनातून तो मालक शहाणा वाटायचा.

बाक घरी आलं तेव्हा काय झालं ते मात्र सासऱ्यांच्या गोष्टीत नसायचं. ते मला सासूबाईंनी सांगितलं, भाजी निवडता निवडता. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं शिवणाचं मशीन होतं. उजेड चांगला यायचा, रस्ता दिसायचा. बाकाला ती जागा हवी होती, म्हणून मशीन स्वयंपाकघरात आलं, मोरीच्या शेजारी. "त्या लाकडात एक कपाट झालं असतं," त्या म्हणाल्या. हे त्या फक्त स्वयंपाकघरात म्हणायच्या, आणि नळ सोडून.

बाकाचे नियम होते. गादी, उशी, चादर काही घालायचं नाही. ओला पेला ठेवायचा नाही. पाय वर घेऊन बसायचं नाही. इस्त्रीचे कपडे, पेपर, दप्तर, भाजीची पिशवी, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. दोन खोल्यांच्या घरात एवढी मोठी सपाट जागा आणि तिच्यावर काही ठेवायचं नाही! मी शाळेतून दमून यायचे, हातात वह्यांचा गठ्ठा असायचा. तो मी जमिनीवर ठेवायचे.

मला सातवा महिना होता तेव्हा पाठ इतकी भरून यायची की कुठे बसू असं व्हायचं. उन्हाळा होता. खिडकीखाली जरा वारा असायचा. एका दुपारी मी आईने शिवलेली गोधडी चौघडी करून बाकावर टाकली, भिंतीला एक उशी लावली आणि बसले. किती बरं वाटलं ते आजही आठवतं. डोळा लागत होता तेवढ्यात सासरे बाहेरून आले. माझ्यासमोर उभे राहिले. मी उठून उभी राहीपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी उशी काढली, गोधडी काढली, तिची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, "बाबा, माझी पाठ दुखते."

"मग आत पड जाऊन. पडायला आत जागा आहे."

"मला वाऱ्याला बसायचंय."

"बस की. कुणी नाही म्हटलंय? बाक बसायलाच आहे."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो शर्ट बदलत होता. म्हणाला, "अगं, तू आत बस ना. कशाला त्यांच्या वाटेला जातेस?" त्या दिवशी मी त्याच्याशी जी भांडले, तशी त्या आधी कुणाशी भांडले नव्हते. भिंतीपलीकडे सासऱ्यांना ऐकू जावं म्हणूनच मोठ्याने भांडले. त्यांना ऐकू गेलं. काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाक फडक्याने पुसत होते, माझी गोधडी लागून ते मळलं असावं तसं.

माझ्या डोक्यात जायचं ते हे, की इतकं गैरसोयीचं असूनही लोकांना त्याच्यावरच बसायचं असायचं. नंतर आम्ही सोफा घेतला, मऊ, चांगला. तो रिकामा राहायचा. गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस सही घेईपर्यंत बाकावर टेकायचा. शेजारच्या काकू साखर मागायला यायच्या आणि बाकावर बसून तासभर बोलायच्या. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी यायच्या. मी म्हणायचे, "इकडे बसा गं, सोफ्यावर." त्या म्हणायच्या, "नको, इथेच बरं वाटतंय." मी कारणं शोधली आहेत, रागाने का होईना. मे महिन्यात ते गार लागायचं. त्याची उंची चपलेचा पट्टा लावायला बरोबर होती. पाठ नसल्यामुळे तिकडे तोंड करून बसा नाहीतर इकडे. दोघं शेजारी बसले तर एकमेकांकडे बघावं लागायचं नाही, आणि तोंडावर न बोलता येणारं बोलता यायचं. काकूंनी त्यांच्या सुनेबद्दल जे जे सांगितलं, ते सोफ्यावर बसून कधीच सांगितलं नसतं. हे सगळं मला दिसत होतं. दिसलं म्हणून आवडायला हवं असं कुठे आहे?

माझी नणंद नवऱ्याहून लहान. आमच्यानंतर वर्षभरात तिचं लग्न झालं, डोंबिवलीला. ती रविवारी यायची. आली की सरळ बाकावर, मधोमध. तिथून सासऱ्यांशी गप्पा. तिथूनच मला, "वहिनी, जरा पाणी दे गं," आणि "वहिनी, पडदे धुवायला झालेत." सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्यापर्यंत राहिली, मग पुन्हा रविवारी. सासरे थकले, त्यांना धरून न्यावं लागायला लागलं, तेव्हाही रविवारीच. बाकीचे वार माझे.

शेवटची काही वर्षं सासऱ्यांना बाकावर बसता येत नव्हतं. पाठीचा कणा वाकला होता, टेकल्याशिवाय तोल जायचा. मी त्यांना हाताची प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. ती त्यांनी बाकाच्या समोर मांडायला लावली. तिथे बसून ते दिवसभर बाकाकडे बघायचे. एकदा मी त्यांना औषध देत होते, तर म्हणाले, "तू बस त्याच्यावर. उभी का?"

"मला नाही बसायचं."

"तुला त्यातलं काही कळलं नाही कधी."

"नाही कळलं," मी म्हटलं. "गोळी घ्या."

त्यांनी घेतली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता काहीतरी लागट बोलतील. ते म्हणाले, "खोटं बोलत नाहीस, हे एक बरं आहे." त्यांनी मला उभ्या आयुष्यात दिलेलं शाबासकीचं वाक्य ते एवढंच, आणि त्यातही माझ्या न कळण्याची पावती होतीच.

ते गेल्यावर मला वाटलं, आता सुटले. पण नवऱ्याने नियम तसेच ठेवले. मुद्दाम नाही. त्याला वेगळं काही सुचलंच नाही. मी एकदा बाकावर कपड्यांच्या घड्या ठेवल्या, तर त्याने त्या उचलून आत नेऊन ठेवल्या, चेहऱ्यावर काहीही न आणता. म्हातारा निदान समोर उभा राहायचा.

मग आमची कॉलनी पाडून टॉवर बांधायचं ठरलं. सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या आणि इमारत होईपर्यंत भाड्याने राहायचं. आम्ही कल्याणला फ्लॅट घेतला, माझ्या माहेराच्या बाजूला, लहानसा. सामान कमी करायचं होतं. पहिल्याच दिवशी मी नवऱ्याला सांगितलं, "बाक तिकडे येणार नाही."

तो म्हणाला, "बघू."

"बघू नाही. त्या हॉलमध्ये एक तर आपण राहू नाहीतर ते राहील."

बातमी डोंबिवलीला कशी गेली माहीत नाही. नणंदेची मुलगी आली. ती लोकांच्या घराचं इंटीरियर करते. तिने बाकाचे फोटो काढले, खाली झोपून, खिडकीतून, पायांचे वेगळे, फटींचे वेगळे. "मामी, हे काय आहे माहितीये का तुला? हे प्रॉपर मॉडर्निस्ट पीस आहे. असं आता कुणी करत नाही. लोक वेडे होतील." तिने फोटो टाकले आणि लोक खरंच वेडे झाले. कुणी हार्ट टाकले, कुणी विचारलं असं बनवून मिळेल का. तिने मला ते मोबाईलवर दाखवले. फोटोत आमची खिडकी इतकी छान दिसत होती की मला ओळखू आली नाही. खाली तिने लिहिलं होतं, आजोबांच्या घरी. त्या घरात मी तीस-पस्तीस वर्षं केर काढला होता. ते आजोबांचं घर.

दोन दिवसांनी नणंदेचा फोन आला. नवऱ्याने स्पीकरवर लावला.

"दादा, बाबांचं बाक तुम्ही टाकून देताय?"

"टाकून कोण देतंय?" मी मधेच म्हटलं.

"वहिनी, मी दादाशी बोलतेय."

"स्पीकरवर आहेस. दोघांशी बोलतेस."

"बरं. मला हवंय ते. माझ्या वडिलांचं आहे."

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. ब्याद घरातून जाणार होती, तीही स्वतःच्या पायाने म्हणावी तशी. पण माझ्या तोंडून निघालं, "ते मिळणार नाही."

"का? तुला तर ते आवडतही नाही. सगळ्यांना माहितीये."

"नाही आवडत. म्हणून तुला द्यायचं, असं कुणी सांगितलं?"

"मग काय करणार त्याचं?"

"ते मी बघीन. त्यांच्या शेवटच्या वर्षांत तू काय बघितलंस, सांग ना. रविवारी येऊन शिरा खाल्लास. त्यांची चादर किती वेळा बदललीस?"

"बापाची सेवा काढायला लागलीस तू आता? बाकावरून?"

"बाकावरूनच. तूच काढलंस बाक."

बरंच झालं मग. ती म्हणाली मी पहिल्या दिवसापासून त्या घराला आपलं मानलं नाही. मी म्हटलं, मानलं नाही तर तिथे इतकी वर्षं कोण राबत होतं, तुझं भूत? नवरा फोन हातात धरून दोघींचं ऐकत उभा होता. शेवटी त्याने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि म्हणाला, "तू टेंपो घेऊन ये. मी देतो." आणि ठेवला. इतक्या वर्षांत त्याने त्या बाकाबाबत घेतलेला पहिला निर्णय, आणि तो हा.

घर सोडायच्या दिवशी मोठा ट्रक सामान घेऊन कल्याणला गेला. हमाल त्याच्याबरोबर, नवराही. मी मागे थांबले होते, झाडलोट करून किल्ली द्यायची होती. खोलीत मी आणि बाक, दोघंच. तेवढ्यात नणंद आली. खाली टेंपो होता, पण टेंपोवाला वर यायला तयार नाही. म्हणाला, मी गाडी चालवतो, सामान उचलत नाही. लिफ्ट नव्हतीच कधी.

ती दारात उभी, मी खोलीत उभी.

"आता?" ती म्हणाली.

"आता काय? तुझं आहे, ने."

"एकटी कशी नेऊ?"

मी तिला तसंच सोडून द्यायला हवं होतं. पण मलाही किल्ली देऊन निघायचं होतं. मी पदर खोचला आणि एक टोक धरलं. ते अंदाजापेक्षा खूप जड होतं. साठीला आलेल्या दोन बायका, बोलणं बंद असलेल्या, आणि मधे ते बाक.

"तू पुढे हो," ती म्हणाली.

"मी का? तुझं बाक, तू हो पुढे."

ती पुढे झाली, म्हणजे उलटी उतरायला लागली. पहिल्याच वळणावर ते अडकलं. तिथे जिना अरुंद होता. मी म्हटलं, "उभं कर."

"उभं केलं तर पाय भिंतीला घासेल."

"घासू दे."

"घासू दे काय! तुला काय त्याचं! दर दिवाळीला मी हे घासलंय, वहिनी, शाळेत होते तेव्हापासून. सगळ्या मुली खाली किल्ला करायच्या आणि मी इथे काचकागद घेऊन. मग जवसाचं तेल. हाताचा वास भाऊबीजेपर्यंत जायचा नाही. बाबा नुसतं बोट फिरवून बघायचे. एकदाही म्हणाले नाहीत, चांगलं केलंस म्हणून."

तिचा श्वास लागला होता. मी बाकाचं टोक मांडीवर टेकवलं.

"आणि तुझ्या लग्नानंतर कुणी घासलं?" मी विचारलं. "आपोआप होत होतं?"

तिने आपल्या बाजूचं टोक पायरीवर टेकवलं. मग म्हणाली, "दादा करायचा ना."

मी हसले. इतक्या जोरात की दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्यांतून आवाज घुमला. "तुझा दादा? त्याला काचकागदाची खरखरीत बाजू कुठली तेसुद्धा माहीत नाही. तू गेलीस त्या दिवाळीला बाबांनी तेलाची बाटली माझ्यापुढे आणून ठेवली. तेव्हापासून मी. मुलगी पोटात असताना मी. शाळेच्या सहामाहीचे पेपर तपासायचे बाकी असताना मी."

ती माझ्याकडे बघत होती. तिला हे खरंच माहीत नव्हतं. एवढ्या रविवारी येऊन, बसून, हात फिरवून गेली, आणि हे कुणाच्या हाताने गुळगुळीत राहिलंय असा प्रश्न तिला पडला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं ती आता नीट काही बोलेल.

ती म्हणाली, "पण तू नाइलाजाने केलंस. मी बाबांसाठी करायचे."

"उचल," मी म्हटलं.

आम्ही ते उभं करून वळवलं. पाय भिंतीला घासला, चुन्याची पांढरी रेघ उठली त्याच्यावर. पुढचे दोन मजले आम्ही एकमेकींवर ओरडत उतरलो. डावीकडे घे, अगं डावीकडे, तुझी डावी नाही माझी. माझं बोट कठड्यात चेमटलं. ती एका पायरीवरून घसरली आणि बाकाने तिला थोपवलं. खाली आल्यावर तिने पायावरची चुन्याची रेघ ओढणीने पुसली, टेंपोवाल्याला दोरी कशी बांधायची ते सांगितलं आणि पुढे बसून निघून गेली. थँक्यू म्हणाली नाही. मी टाटा केला नाही. वर येऊन मी खोली झाडली. जी इमारत पाडणार तिची फरशी कुणी झाडतं का? मी झाडली, आणि मला फार बरं वाटलं.

कल्याणला गेल्यावर मी पहिली गोष्ट घेतली ती खुर्ची. उंच पाठीची, हातांची, वर उशी बांधलेली. नवरा म्हणाला, छान आहे. तो तिच्यात बसत नाही, जेवणाच्या टेबलाच्या स्टुलावर बसतो. आणि जुने शेजारी कधी भेटायला आले की इकडे तिकडे बघतात आणि विचारतात, "अहो, ते बाक कुठेय?" माझ्या खुर्चीबद्दल आजवर कुणी काही बोललेलं नाही.

पुढच्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं. डोंबिवलीला साखरपुडा होता, घरच्या घरी. जावंच लागलं. नणंदेच्या हॉलमध्ये शिरले आणि मला ते बाक दिसलं, आणि माझे पाय दारातच अडले.

त्याला उंच केलं होतं. चारही पायांखाली चौकोनी ठोकळे बसवले होते, कुठल्यातरी फिकट लाकडाचे, बाजूने स्क्रू मारलेले. ठोकळे वेगळे दिसू नयेत म्हणून सगळ्यालाच गडद चकाकतं पॉलिश मारलं होतं. वरच्या फटींमध्ये पॉलिश साचून घट्ट झालं होतं. खाली बारीक होत गेलेले ते पाय आता जाड बूट घातल्यासारखे दिसत होते. नवऱ्या मुलाकडची माणसं त्याच्यावर बसली होती, मजेत. त्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते.

समारंभ होईपर्यंत मी थांबले. पेढे वाटले, फोटो काढले. बरीचशी माणसं गेली, नणंद आत बशा विसळायला लागली, तशी मी तिच्यामागे गेले.

"काय केलंस त्याचं?"

तिला लगेच कळलं कशाचं ते. "उंच करून घेतलं. माझे गुडघे गेलेत वहिनी. खाली बसलं की उठता येत नाही. तुझ्या त्या जिन्यानेच गेले."

"मग त्याच्यावर बसायचं नाही. खुर्चीवर बस. घरात चार खुर्च्या आहेत."

"मला तिथे बसायचं असतं."

"म्हणून पाय कापून ठोकळे लावायचे? ते पॉलिश बघ. फटी बुजल्यात. ते तसं करायचं नसतं. त्याला तेलाशिवाय काही लावायचं नसतं."

तिने नळ बंद केला. पुसलेली बशी हातात तशीच धरून माझ्याकडे वळली. "पाय कापलेले नाहीत," ती म्हणाली. "आणि अगदी बाबांसारखी बोललीस. तोच आवाज."

भाची दारात उभी होती. ती म्हणाली, "मामी, मीपण सांगितलं होतं आईला, नवीन काहीतरी घे. ऐकते कुठे? संध्याकाळी तिथेच बसायचं असतं तिला, चहा घेऊन. फोन आला तरी तिथेच."

मला नणंदेचे गुडघे दिसत होते. साडीतूनही सुजलेले कळत होते. दुखण्यापुढे लाकूड मोठं नाही हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी स्वतः ते सांगत आयुष्य काढलं होतं. तरी माझा राग कमी होईना. मी म्हटलं, "तुला मिळायलाच नको होतं ते. मी नाही म्हटलं होतं."

"तू नाही म्हटलंस ते मला मिळू नये म्हणून."

"हो. बरोबरच होतं माझं."

हॉलमध्ये येऊन मी नवऱ्याला चला म्हटलं. तो त्या उंच बाकावर बसून जावयाच्या काकांशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होता. त्याला बाकात झालेला बदल दिसला की नाही, हे मला आजही माहीत नाही. रिक्षात मी विचारलं तर म्हणाला, "तिला सोयीचं झालंय ना, मग झालं." मी कल्याण येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

लग्नाला आम्ही गेलो, आहेर केला, जेवलो, आलो. नणंद आणि मी एकमेकींना "या" आणि "येते" एवढंच म्हणालो. तेव्हापासून तेवढंही नाही. मुलगी मला म्हणते, आई, एका बाकावरून? मी तिला म्हणते, बाकावरून नाही. मग कशावरून, ते मला तिला नीट सांगता येत नाही, आणि ती ऑफिसच्या फोनवर जाते.

यंदा भाऊबीजेला नवरा एकटाच डोंबिवलीला गेला. सकाळी गेला तो दुपार कलल्यावर आला. मी माझ्या खुर्चीत पेपर वाचत होते. ती कशी आहे हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्याने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला आणि हातपाय धुवायला गेला. डब्यात चकल्या होत्या. तिच्या चकल्या चांगल्या होतात, माझ्याहून चांगल्या, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही आणि आता सांगणारही नाही. मी डबा मांडीवर घेतला आणि खात बसले. नवरा टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला, तोवर बराच रिकामा झाला होता.

"मला ठेव दोन," तो म्हणाला.

"घ्या की," मी म्हटलं, आणि डबा त्याच्याकडे सरकवला.